खाऱ्या टाकीतले आगंतुक

मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या शाळांच्या सहली तिथल्या काचांना नाक लावून उभ्या राहिल्या. समुद्राचे रंगीत मासे बघायचे तर मरीन ड्राइव्हला जायचं, घरी फार तर गोल्डफिशचं काचेचं भांडं ठेवायचं, असा तो जमाना होता. आता तसं राहिलेलं नाही. भिवंडीत यंत्रमागाच्या ऑफिसांत, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, स्टाफ क्वार्टर्समध्ये खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसतात. 'निमो'मुळे प्रसिद्ध झालेला नारिंगी-पांढरा क्लाउनफिश तर सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे.

टाकी बसली की तीन-चार महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो. काचेवर लाल साय धरली आहे, दगडावर न आणलेलं काहीतरी उगवलं आहे, रात्री टॉर्च मारली तर वाळूत किडे वळवळताना दिसतात. कोणतं औषध टाकू? हा लेख या प्रश्नासाठी आहे, आणि त्याचं थोडक्यात उत्तर म्हणजे बाटली उघडू नका. खाऱ्या टाकीतले मासे किडीमुळे मरतात त्याहून जास्त वेळा घाईने ओतलेल्या औषधाने मरतात. खरी हत्यारं तीनच आहेत: खाद्याचा चमचा, पाणी बदलायची बादली आणि एक जादा टब. ती कशी वापरायची ते आता क्रमाने पाहू. थोडं गणित येईल, पण एम-थ्रीपेक्षा सोपं आहे, घाबरू नका.

आधी ओळख, मग मारामारी

टाकीत आपण न आणलेला जो कोणी दिसतो तो शत्रूच असतो असं नाही. या आगंतुकांचे सरळ तीन गट पडतात.

पहिला गट उरलेल्या अन्नावर जगणाऱ्यांचा. तपकिरी धूळ, लाल साय, हिरवं केसाळ शेवाळ, वाळूतले केसाळ किडे हे सगळे यात येतात. हे रोग नाहीत, ही रोगाची लक्षणं आहेत. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडून उपयोग नसतो, तसंच हे.

दुसरा गट जागा बळकावणाऱ्यांचा. यातला सर्वांत त्रासदायक म्हणजे आयप्टेशिया हे काचेसारखं पारदर्शक, तपकिरी छटेचं छोटं समुद्रफूल. ते डंख मारतं आणि झपाट्याने वाढतं.

तिसरा गट सरळ माशावर जगणाऱ्या परजीवींचा. क्रिप्टोकॅरियन, म्हणजे खाऱ्या पाण्यातले पांढरे ठिपके, हा त्यातला नेहमीचा. इथे मात्र वेळ घालवून चालत नाही.

पहिल्या गटाला औषध लागत नाही, दुसऱ्याला हाताने काढावं लागतं आणि तिसऱ्यावर उपचार मुख्य टाकीच्या बाहेर करावा लागतो. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मे मासे वाचतील.

हे येतात कुठून?

आकाशातून पडत नाहीत. दुकानातल्या पिशवीचं पाणी, गोगलगाईचं कवच, शेवाळाचा तुकडा, दुसऱ्याच्या टाकीतली वाळू, उसनी आणलेली जाळी यांच्याबरोबर ते येतात. सर्वांत मोठं वाहन म्हणजे 'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवंत जिवाणूंनी भरलेला प्रवाळाचा दगड. परदेशी पुस्तकांत खाऱ्या टाकीचा पहिला धडाच लाइव्ह रॉकचा असतो आणि आपली मंडळी तो वाचून तसला दगड शोधत फिरतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली प्रवाळ घालण्यात आले. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ हे सगळे त्यात आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतरही प्रवाळांचं संरक्षण कायम आहे. पहिल्या अनुसूचीत येणं म्हणजे वाघाच्या रांगेत बसणं. कोणी कागदात गुंडाळून 'खास माल आहे' म्हणून प्रवाळाचा दगड दाखवला तर तो घेणं हा गुन्हा आहे. शिवाय त्या दगडाच्या भोकांतून आयप्टेशिया, खेकडे, हाताचं बोट फोडणारी मँटिस श्रिम्प आणि किडे फुकट मिळतात. कायदा पाळला तर अर्धी कीड आपोआप टळते, असा हा दुर्मिळ योग आहे.

मग जिवाणूंना घर कुठलं द्यायचं? फिल्टरमध्ये सिरॅमिकच्या सच्छिद्र रिंगा भराव्यात. दिसायला दगड हवा असेल तर आपला काळा बेसाल्ट आहेच. दख्खनच्या पठाराचा मोठा भाग त्याचाच बनलेला आहे. कॉलेजच्या बांधकामावरून उरलेले स्वच्छ तुकडे घ्या, तेल किंवा सिमेंट लागलेले नकोत. घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून टाकीत ठेवा. बेसाल्टला छिद्रं कमी असतात, त्यामुळे जिवाणूंची भिस्त रिंगांवर ठेवावी, पण माशाला लपायला तो उत्तम.

माशांच्या बाबतीतही एक चांगली गोष्ट आपल्या जवळच घडली आहे. ठाण्याच्या खाडीकाठी ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे राज्याच्या कांदळवन विभागाने आणि एन.बी.एफ.जी.आर. या केंद्रीय मत्स्य संस्थेने मिळून शोभेच्या सागरी माशांची हॅचरी उभी केली आणि क्लाउनफिशची पैदास सुरू झाली. टाकीत जन्मलेला मासा समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा काटक असतो. तो कोरडं खाद्य लगेच खातो आणि सहसा परजीवीही कमी घेऊन येतो. दुकानात मासा घेताना 'पकडलेला की पैदास केलेला?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या.

चमच्याचं गणित

आता पहिल्या गटाकडे वळू. शेवाळाला वाढायला प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. नायट्रेट येतं कुठून? आपल्याच हातातून. थर्मोच्या तासाला मास बॅलन्स शिकतो तोच इथे मांडू या. आत आलेलं वजा बाहेर गेलेलं बरोबर साठलेलं.

टाकी 100 लिटरची धरा. रोज 1 ग्रॅम कोरडं खाद्य टाकलं. त्यात प्रथिनं 45 टक्के, म्हणजे 0.45 ग्रॅम. प्रथिनांत नायट्रोजन साधारण 16 टक्के, म्हणजे 0.072 ग्रॅम. हा सगळा नायट्रोजन अमोनिया, नायट्राइट असा प्रवास करत शेवटी नायट्रेट झाला, तर 14 ग्रॅम नायट्रोजनपासून 62 ग्रॅम नायट्रेट या हिशेबाने सुमारे 0.32 ग्रॅम नायट्रेट तयार होतं. 100 लिटरमध्ये ते झालं लिटरला 3.2 मिलिग्रॅम. एक चतुर्थांश माशाच्या अंगी लागलं असं समजू. उरलं रोजचं 2.4, आठवड्याचं साधारण 17.

आता दर रविवारी 20 टक्के पाणी बदललं. बहुतेकांचा समज असा की पाणी बदललं की नायट्रेट गेलं. प्रत्यक्षात जेवढं आहे त्याचा पाचवा भागच जातो. त्यामुळे आठवड्यामागून आठवडा ते चढत राहतं आणि 85 वर जाऊन स्थिर होतं, कारण 85 चा पाचवा भाग म्हणजे बरोबर 17. रविवारी बदललं की 68, पुढच्या रविवारी पुन्हा 85. माणूस दर आठवड्याला बादल्या उचलतो, पाठ धरते आणि शेवाळ हसत राहतं.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. दर आठवड्याला 40 टक्के पाणी बदला, म्हणजे स्थिर आकडा 42 च्या आसपास येईल. त्याला दुप्पट मीठ आणि दुप्पट मेहनत लागेल. नाहीतर खाद्य निम्मं करा. आकडा तितकाच, 42, आणि खर्च उलट कमी. दोन लहान क्लाउनफिशचं मिळून वजन 10 ग्रॅम धरलं आणि वजनाच्या 3 टक्के खाद्य दिलं, तर दिवसाला 0.3 ग्रॅम पुरतं. तेवढंच टाकलं तर त्याच 20 टक्के बदलाने आकडा 25 च्या आसपास राहतो. नुसते मासे असलेल्या टाकीला हे चांगलं चालतं.

0.3 ग्रॅम म्हणजे किती? केमिस्ट्री लॅबच्या वजनकाट्यावर एकदा मोजून बघा. चिमटीत मावतं आणि पाहिल्यावर दया येते. पण मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. आपल्यासारखी शरीर गरम ठेवायला त्याला ऊर्जा लागत नाही. काचेजवळ येऊन तो तोंड उघडझाप करतो ती भूक असतेच असं नाही. ती सवय असते, मेसच्या घंटेसारखी.

शेवाळाचे प्रकार आणि भिवंडीचं हवामान

नव्या टाकीत पहिल्या महिन्यात काच आणि वाळूवर तपकिरी भुकटी बसते. हे डायटम. त्यांना कवचासाठी सिलिकेट लागतं आणि ते नळाच्या, टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातून मिळतं. ते संपलं की डायटम स्वतःहून कमी होतात. फक्त पुसत राहा. समुद्री मीठ कालवायला आणि पाणी भरायला आरओचं पाणी वापरा, मात्र आधी टीडीएस मीटर लावून बघा. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळायची सोय असते, त्यामुळे मेसच्या कूलरचं पाणी दरवेळी शुद्ध असतंच असं नाही. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं.

लाल-जांभळी चिकट साय, जिच्यात बुडबुडे अडकलेले दिसतात, ती खरं तर शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहे. साचलेलं पाणी, ऊब आणि कुजणारं अन्न तिला आवडतं. भिवंडीच्या एप्रिल-मेमध्ये तिन्ही गोष्टी मिळतात. त्यात दुपारी वीज गेली की पंप बंद. बाजारात यासाठी अँटिबायोटिकची भुकटी मिळते, पण ती फिल्टरमधल्या उपकारक जिवाणूंनाही मारू शकते. मग अमोनिया वाढतो आणि साय जाता जाता मासेही जातात. त्यापेक्षा पातळ पाइपने साय ओढून काढा, पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, तीन दिवस दिवा बंद ठेवून टाकीवर चादर टाका आणि खाद्य कमी करा. चादरीच्या दिवसांत हवेचा पंप मात्र चालूच ठेवा, कारण मेलेली साय कुजताना ऑक्सिजन खाते.

उन्हाळ्यात पाण्याचं तापमान 26-27 अंशांवर ठेवायचं असतं. चिलर महाग असतो. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. फक्त उडालेलं पाणी रोज भरावं लागतं, आणि ते गोडंच, कारण मीठ उडत नाही. 100 लिटरमधून 2 लिटर उडालं की 35 ची खारटता 35.7 होते. त्यात खारं पाणी भरत गेलात तर महिन्याभरात टाकीचं मिठागर व्हायचं. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवा. तो बाहेर जाऊन पिझ्झा खाण्यापेक्षा स्वस्त पडतो.

केसाळ हिरवं शेवाळ हाताने उपटून बाहेर काढलं पाहिजे. टाकीतच घासलं तर त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात जातो. उपटलेला प्रत्येक पुंजका म्हणजे टाकीबाहेर गेलेलं खत आहे.

वाळूतले किडे

रात्री टॉर्च मारल्यावर दिसणारे गुलाबी, बाजूला पांढरे केस असलेले किडे पाहून अनेकांची झोप उडते. हे ब्रिसल वर्म. बहुतेक जाती निरुपद्रवी सफाई कामगार असतात. मासा मेला तर त्याच्यावर हेच पहिले दिसतात, म्हणून यांनीच मारला असा आळ येतो. उघड्या हाताने मात्र धरू नका. ते केस त्वचेत रुततात आणि आग होते. चिकटपट्टी लावून ओढले की निघतात.

किड्यांची संख्या खाद्यावर ठरते. फारच झाले असतील तर प्लॅस्टिकच्या छोट्या डबीला भोकं पाडून आत कोळंबीचा तुकडा ठेवा, रात्री वाळूवर ठेवा आणि पहाटे उचला. पण पकडण्याबरोबर चमचाही कमी झाला नाही, तर पुढच्या महिन्यात तेवढेच पुन्हा तयार.

आयप्टेशिया आणि पानाचा चुना

हे समुद्रफूल दिसलं की पहिली इच्छा होते ते नखाने खरवडून काढायची. तेच करू नका. त्याच्या तळव्याचा अगदी लहान तुकडा दगडावर राहिला तरी त्यापासून नवं फूल तयार होतं. एकाचे पाच करायचे असतील तर खरवडणं ही उत्तम पद्धत आहे.

दगड सुटा असेल तर सरळ बाहेर काढून फुलाच्या जागी उकळतं पाणी ओता. काढता येत नसेल तर चुना वापरा. जगभर यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट वापरतात, आणि आपल्याकडे पानाच्या टपरीवर मिळणारा साधा, वास-रंग न घातलेला चुना तोच पदार्थ आहे. पंप बंद करा. बिनसुईच्या सिरिंजमध्ये दाट चुना भरा. फूल उघडं असताना हळूच जवळ जाऊन तोंडावर आणि भोवती सोडा, म्हणजे ते चुन्याखाली गाडलं जाईल. दहा-पंधरा मिनिटांनी पंप चालू करा.

चुन्याच्या निवळीचा पीएच 12 च्या वर असतो आणि टाकीचा 8.2 च्या आसपास. त्यामुळे 100 लिटरच्या टाकीत एका दिवसात दोन-तीन फुलांपेक्षा जास्त हात मारू नका, नाहीतर सगळ्या पाण्याचा पीएच उडी मारेल. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. वर्कशॉपचा गॉगल कपाटात धूळ खात पडलेला असतो, तो लावा. आठवड्याने पुन्हा बघा, उगवलं असेल तर पुन्हा चुना. काही जातींच्या कोळंबी आणि फुलपाखरू मासे आयप्टेशिया खातात हे खरं, पण त्यांतले काही मासे टाकीत जगवणं फार कठीण. एक कीड काढायला दुसरा जीव उपाशी मारण्यात अर्थ नाही.

पांढरे ठिपके: इथे घड्याळ चालू असतं

माशाच्या अंगावर आणि परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. मासा दगडाला अंग घासतो, श्वास जोरात घेतो. तीन-चार दिवसांनी ठिपके नाहीसे होतात आणि मालक म्हणतो, 'बरा झाला.' बरा झालेला नसतो. परजीवी पोट भरून खाली उतरलेला असतो.

क्रिप्टोकॅरियनचं चक्र असं आहे. तो माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस खातो. मग गळून वाळूत किंवा दगडावर चिकटतो आणि गाठ बनवतो. त्या गाठीत विभाजन होऊन शेकडो पिल्लं तयार होतात. बहुतेक गाठी चार आठवड्यांच्या आत फुटतात, पण 72 दिवसांपर्यंत टिकलेल्या गाठींचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पोहणाऱ्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं. औषध लागू पडतं ते याच पोहणाऱ्या अवस्थेला. कातडीतल्यालाही नाही आणि गाठीतल्यालाही नाही. म्हणून दोन दिवस औषध टाकून थांबणाऱ्याकडे दहा-पंधरा दिवसांनी दुसरी लाट येते, आणि ती पहिलीपेक्षा मोठी असते.

उपाय सरळ आहे. सगळे मासे वेगळ्या टबमध्ये न्या. मुख्य टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवा. परजीवीला यजमान मिळाला नाही की चक्र तुटतं.

टबमध्ये दोनपैकी एक उपचार करावा. पहिला तांब्याचा. तांब्याची मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम हवी. कमी पडली तर उपयोग नाही, वाढली तर मासा जातो. 'मोरचूद म्हणजे तांबंच, टाका चिमूटभर' असा सल्ला देणारे भेटतात, म्हणून हिशेब बघा. मोरचुदात तांबं साधारण 25 टक्के. 100 लिटरला 0.20 च्या मात्रेसाठी 20 मिलिग्रॅम तांबं, म्हणजे सुमारे 79 मिलिग्रॅम मोरचूद पुरतं. स्वयंपाकातली चिमूट सहज 300 मिलिग्रॅमची असते. म्हणजे चिमूटभर टाकलं की मात्रा जवळपास चौपट. शेतीचं मोरचूद शुद्धही नसतं. तेव्हा मत्स्यालयासाठीचं तयार औषध घ्या, त्याच्या बाटलीवरचीच मात्रा पाळा आणि तांब्याच्या टेस्ट किटने रोज मोजा. तांबं मुख्य टाकीत कधीच टाकायचं नाही. कोळंबी, गोगलगाय, खेकडे त्यात तग धरत नाहीत, आणि चुनखडीची वाळू व शिंपले तांबं शोषून घेतात.

दुसरा उपचार पाणी कमी खारं करण्याचा. नेहमीची घनता 1.025, ती दोन दिवसांत हळूहळू 1.009 वर आणायची आणि शेवटचा ठिपका गेल्यावर चार आठवडे तिथेच ठेवायची. मासा हे सोसतो, परजीवी सोसत नाही. इथे रिफ्रॅक्टोमीटर लागतोच, कारण 1.012 ला परजीवी जगू शकतो. परत वाढवताना घाई नको, आठवडाभर घ्या. दोन्ही उपचारांत अमोनिया रोज मोजा, कारण नव्या टबात जिवाणू कमी असतात.

एक टब, सहा आठवडे

हे सगळं टाळणारी एकच वस्तू आहे: 40-50 लिटरचा प्लॅस्टिकचा टब, त्यात स्पंज फिल्टर, हवेचा पंप आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू-दगड नको. स्पंज आधी महिनाभर मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवला तर त्यात जिवाणू तयार असतात. नवा मासा आणला की सहा आठवडे तिथेच. क्वारंटाइन हा शब्द 2020 नंतर कोणाला समजावून सांगायला नको. गोगलगाय आणि कोळंबीसुद्धा माशांपासून दूर वेगळ्या ठेवा, कारण कवचावर गाठी असू शकतात. पिशवीचं पाणी बेसिनमध्ये जातं, टाकीत नाही. टबाची जाळी, मग आणि टॉवेल वेगळे.

आणि सुट्टीबद्दल. दिवाळीला सगळे गावी जातात आणि खाद्याचा डबा वॉचमनकाकांच्या हाती देतात. काका मायाळू असतात. माशाचं पोट त्यांना आपल्या नातवासारखं दिसतं आणि आठवड्यात डबा अर्धा होतो. त्यावर उपाय म्हणजे रोजची मात्रा कागदाच्या पुड्यांत बांधून, वर वार लिहून ठेवा आणि डबा कपाटात कुलुपात. एखादा दिवस पुडी राहिली तरी निरोगी मोठ्या माशाला काही होत नाही.

निरोप कसा द्यायचा

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. शेवटचं वर्ष संपलं, प्लेसमेंट झाली, टाकी मोडायची आहे. मासे आणि पाणी कुठे जाणार? 'कामवारीत सोडू', 'कशेळीच्या पुलावरून खाडीत सोडू, खारंच पाणी आहे' असं वाटणं साहजिक आहे. जीव वाचवल्याचं पुण्यही मिळाल्यासारखं वाटतं. पण टाकीतली कीड बाहेर गेली की तिला चमचा कमी करणारं कोणी नसतं.

शोभेच्या टाक्यांतला 'सकर' मासा उजनीच्या जलाशयात पोचला आणि भीमेच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत विकाऊ माशाऐवजी तो भरू लागला. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातलं शेवाळ 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसलं आणि तिथून भूमध्य समुद्रात पसरलं. तेच 2000 साली कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं तेव्हा त्यावर ताडपत्र्या टाकून खाली क्लोरीन सोडावं लागलं. ते पूर्ण संपलं असं जाहीर व्हायला 2006 उजाडलं.

परका शिंपला तर आपल्या दाराशीच आहे. मध्य अमेरिकेकडचा मायटिलॉप्सिस सलेई 1967 मध्ये विशाखापट्टणमला नोंदला गेला आणि 1970 च्या दशकात मुंबईच्या गोदीत. तो टाकीतून नव्हे, जहाजांबरोबर आला, पण धडा तोच. 1999 मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने तीन बंदिस्त बोटतळांत क्लोरीन आणि मोरचूद ओतून आतले सगळेच जीव मारले. शिंपला संपला, कारण ते तळ दारं लावून बंद करता येत होते. खाडीला दार नसतं. समुद्राचं पाणी थंडाव्यासाठी वापरणाऱ्या वीजकेंद्रांना, आपल्या जवळच्या तारापूरसारख्यांना, पाइपांत चिकटणाऱ्या जीवांची डोकेदुखी किती असते हे मेकॅनिकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. आणि आपल्या खाडीवर कोळी कुटुंबांची पोटं आहेत.

म्हणून नको असलेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून दिवसभर ठेवा आणि मग संडासात ओता. शेवाळ, वाळू, दगड आठवडाभर कडक उन्हात वाळवा. भिवंडीच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घेऊ.

टाकीवर चिकटवायच्या पाच ओळी

1. खाद्य मोजून. दोन लहान माशांना दिवसाला 0.3 ग्रॅम.
2. पाणी दर आठवड्याला 20 टक्के, उडालेलं पाणी रोज, गोडं.
3. नवा जीव सहा आठवडे टबात. पिशवीचं पाणी बेसिनमध्ये.
4. औषध फक्त टबात, मोजून, आणि पूर्ण मुदतीपर्यंत.
5. टाकीतलं काहीही नदीत किंवा खाडीत नाही.

या पाच ओळी पाळणाऱ्याच्या टाकीतही कधीतरी तपकिरी धूळ दिसेल, एखादा किडा वळवळेल. त्याला राहू द्या. मासा खातोय, पोहतोय, अंग स्वच्छ आहे, एवढं रोज बघा. फॉर्म्युला आहे, मोजमाप आहे, तरीही परीक्षेसारखं रात्रभर जागून इथे काहीच होत नाही. खारी टाकी हा एक असा विषय आहे ज्यात सबमिशन रोज थोडंथोडं द्यावं लागतं, आणि तपासणारे आतून आपल्याकडे बघत असतात.